जबड्यात हाड भरायचे ठरल्यावर: इंदूरच्या मराठी रुग्णांसाठी मार्गदर्शन

दाढ काढून वर्ष उलटते, आता इम्प्लांट (दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा स्क्रू) बसवून घ्यावा म्हणून रुग्ण दंतवैद्याकडे जातो आणि एक्स-रे पाहून त्याला सांगण्यात येते की हाड कमी आहे, आधी ग्राफ्ट, म्हणजे हाड भरण्याचे काम, करावे लागेल. त्यापाठोपाठ साहित्याची नावे येतात: अमुक कंपनीची पावडर, तिच्यावर घालायचे पटल, शिवाय रक्तातून काढलेली जेली. घरी आल्यावर मग चर्चा होते ती खर्चाची आणि पावडर इम्पोर्टेड की देशी याची. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बाटलीतून आलेले साहित्य स्वतः हाड होत नाही. हाड तयार होते ते रुग्णाच्या रक्तातून आणि त्याच्याच पेशींतून, आणि त्यासाठी मोकळी राखलेली जागा, चांगला रक्तपुरवठा, हालचालीपासून संरक्षण आणि वरून घट्ट मिटलेली हिरडी या चार गोष्टी लागतात. साहित्याचा क्रमांक यानंतरचा आहे. त्यामुळे पुढील मजकुरातही साहित्याकडे वळण्याआधी बाकीच्या गोष्टींना जागा दिली आहे.

पोकळीचा आकार आधी पाहावा

दाताच्या मुळाला लागून असलेला हाडाचा पातळ थर दाताच्याच आधाराने टिकतो. दात गेला की तो विरू लागतो. गालाकडची भिंत, विशेषतः वरच्या पुढच्या दातांपाशी, पुष्कळदा १ मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि सर्वांत आधी तीच जाते. दाढा-उपदाढा काढल्यावर पहिल्या वर्षात हाडाच्या कडेची रुंदी साधारण निम्म्याने घटते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन गेलेली असते. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकललेला निर्णय इथे महाग पडतो. वरच्या दाढांच्या जागी आणखी एक अडचण असते: तिथे खालून हाड झिजते आणि वरून नाकाशेजारची सायनसची पोकळी खाली पसरते, त्यामुळे उंची दोन्ही बाजूंनी कमी होते.

हे नेमके किती झाले आहे, ते साध्या ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट, एक्स-रेत कळत नाही. त्यात उंचीचा अंदाज येतो, रुंदी दिसतच नाही. त्यासाठी सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. इंदूरमध्ये तो करणारी खाजगी केंद्रे आहेत. तिथे छापील फिल्मवर समाधान न मानता स्कॅनची मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्यावी, कारण दुसरे मत घ्यायचे झाले तर डॉक्टरला फाइल फिरवून प्रत्येक मिलिमीटरवर माप घेता येते.

स्कॅन समोर उघडून डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. रुंदी किती आहे, हा पहिला प्रश्न. कारण ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटच्या दोन्ही अंगांना किमान दीड-दीड मिलिमीटर हाड हवे, म्हणजे ७ मिलिमीटरच्या आसपास रुंदी लागते, आणि पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूला तर २ मिलिमीटर असलेले बरे. दुसरा प्रश्न उंचीचा, आणि खालच्या जबड्यात त्याबरोबर ओठाला संवेदना देणारी नस किती दूर आहे याचा. तिसरा प्रश्न रुग्ण सहसा विचारत नाहीत आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो: पोकळीच्या किती भिंती शाबूत आहेत? चारही बाजूंनी भिंती असलेली पोकळी रक्ताची गुठळी धरून ठेवते आणि प्रत्येक भिंतीतून नव्या रक्तवाहिन्या आत येतात, त्यामुळे तिथे बहुतेक कोणतेही साहित्य यशस्वी होते. फक्त तळ उरलेला असेल आणि हाड हवेत उभे करायचे असेल, तर उत्तम साहित्यही डगमगते. भिंती शाबूत असलेली लहानशी सिस्ट (हाडातली द्रवाची पिशवी) काढल्यावर तर काहीही न भरता ती जागा काही महिन्यांत आपोआप भरून येते, आणि अशा ठिकाणी महागडी पावडर सुचवली गेली तर कारण विचारण्यात संकोच करू नये.

ग्राफ्ट टाळता येईल का, हेही इथेच विचारून घ्यावे. कमी लांबीचा किंवा कमी जाडीचा इम्प्लांट, शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज, किंवा काढता-घालता येणारी कवळी हे पर्याय कमी प्रतीचे नाहीत. ७५ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आजींना एका दाढेसाठी आठ-नऊ महिन्यांच्या उपचारात गुंतवण्यापेक्षा ब्रिज शहाणपणाचा ठरू शकतो.

साहित्य काय काम करते

शस्त्रक्रियेनंतर पोकळीत प्रथम रक्ताची गुठळी बनते. काही दिवसांत तिच्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, त्यांच्यामागून हाड बनवणाऱ्या पेशी येतात, त्या आधी घाईघाईने विस्कळीत, कच्चे हाड घालतात आणि पुढे कित्येक महिने ते मोडून त्या जागी थरांचे पक्के हाड रचतात. अडचण एवढीच की हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा फार वेगाने वाढतात. मोकळी जागा दिसली की त्याच आत घुसतात आणि तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते. साहित्याचे कण ही जागा तोवर धरून ठेवतात. स्लॅब घालताना खाली सेंटरिंग लागते, काँक्रीट पक्के झाले की ते काढतात. इथे ते शरीराने स्वतःच काढायचे असते, आणि कोणते साहित्य किती काळात निघते यावरच निवड बरीचशी अवलंबून राहते.

साहित्याचे गुण तीन प्रकारचे असतात. काही साहित्य नुसता आधार देते, ज्याच्यावरून पेशी चालत जातात. काही साहित्य आसपासच्या अविशेष पेशींना हाड बनवण्याचा संदेश देते. हाडातच असा संदेश असतो हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवले आणि पुढे त्यामागची बीएमपी नावाची प्रथिने सापडली. तिसरा गुण म्हणजे जिवंत हाडपेशीच सोबत घेऊन येणे, आणि तो फक्त रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या हाडात असतो.

स्वतःच्या हाडाला म्हणूनच आजही सर्वांत वरचे स्थान आहे. ते हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून, आणि मोठ्या कामासाठी कमरेच्या हाडातून घेतात. यात दुसरी जखम होते, हा त्याचा खरा दोष. हनुवटीतून घेतल्यास खालचे पुढचे दात काही काळ, कधी कायमचे, बधिर वाटू शकतात. दुसरा दोष असा की नुसते स्वतःचे हाड लवकर विरघळते आणि मिळालेली उंची-जाडी थोडी कमी होत जाते. त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक खरवडलेले स्वतःचे हाड आणि हळू विरणारे कण एकत्र मिसळतात. मलाही हाच मार्ग पटतो.

दुसऱ्या माणसाचे हाड ऊतिपेढीतून, म्हणजे टिश्यू बँकेतून, येते. दात्यांकडून मिळालेले हाड स्वच्छ करून, गोठवून-वाळवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ते बाटलीत भरतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून हे काम करते. यातील खनिज काढून टाकलेल्या प्रकारात बीएमपी उघडी पडतात, मात्र दात्यानुसार त्यांचे प्रमाण कमी-जास्त असते.

जनावराचे हाड म्हणजे जगभर सर्वाधिक अभ्यासले गेलेले आणि आपल्याकडच्या घरांत सर्वांत नाजूक ठरणारे साहित्य. ते बहुतांशी गायी-बैलांच्या हाडापासून बनते. उष्णतेने आणि रसायनांनी त्यातला सगळा सेंद्रिय अंश काढून टाकतात आणि उरतो तो सूक्ष्म छिद्रांचा खनिज सांगाडा, जो वर्षानुवर्षे विरत नाही आणि म्हणून आकार उत्तम टिकवतो. रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या एखाद्या घरात ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर कळली, तर वैद्यकीयदृष्ट्या सर्व काही ठीक असूनही घरच्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, त्याचा मनस्ताप होतो. तो टाळण्याचा उपाय सोपा आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी ‘यात कोणत्या प्राण्यापासून आलेले काही आहे का’ असे सरळ विचारावे, आणि प्रश्न केवळ पावडरीपुरता ठेवू नये; कोलॅजनचे पटल डुकराचे किंवा गायीचे असू शकते, रक्त थांबवण्याचा जिलेटिनचा स्पंज पुष्कळदा डुकरापासून बनतो, आणि विरघळणारे कॅटगट टाके आतड्यांपासून येतात. पर्याय या प्रत्येकाला आहे. माशापासून काढलेले कोलॅजन मिळते, कृत्रिम विरघळणारे टाके मिळतात आणि पूर्णपणे प्रयोगशाळेत बनलेले कणही मिळतात. डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला हवे हे खरे. पण रुग्णाने विचारले तर कोणाचाच गैरसमज होत नाही.

प्रयोगशाळेतल्या साहित्यात हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही दोन नावे वारंवार ऐकू येतील. दोन्ही कॅल्शियम आणि फॉस्फेटचीच संयुगे आहेत. पहिले आपल्या हाडातल्या खनिजाच्या जवळचे असून फार सावकाश विरते, दुसरे काही महिन्यांत ते साधारण दीड-दोन वर्षांत निघून जाते. दोहोंचे मिश्रण, बहुधा ६० आणि ४० टक्के अशा प्रमाणात, हा आजचा व्यवहार्य मधला मार्ग आहे. बायोग्लास हे तिसरे. लॅरी हेंच यांनी १९६९ साली फ्लोरिडात ते तयार केले. त्यातली मूळ काच ४५ टक्के सिलिकाची असते आणि शरीरातील द्रवाशी संपर्क आल्यावर तिच्या पृष्ठभागावर अ‍ॅपेटाइटचा थर चढतो, ज्याला हाड चिकटते. आणि यांतले सर्वांत जुने साहित्य म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, जे जर्मनीत ड्रेसमन यांनी १८९२ सालीच हाडाच्या पोकळीत भरले होते. ते एक-दोन महिन्यांत विरघळते आणि किमतीला हलके असल्याने लहान, भिंती शाबूत असलेल्या पोकळीत अजूनही कामाला येते. भारतीय बनावटीच्या साहित्याबद्दल उगाच कमीपणा मानू नये. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट आणि बायोग्लासवर दीर्घकाळ काम केले आहे, आणि योग्य पोकळीत वापरलेले साधे देशी साहित्य चुकीच्या पोकळीतल्या महागड्या साहित्यापेक्षा कधीही सरस ठरते.

रक्तातून काढलेल्या जेलीला पीआरएफ म्हणतात. फ्रान्समधील जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली ही पद्धत मांडली. हाताच्या शिरेतून १० मिलिलिटरच्या नळ्यांत रक्त घेतात, त्यात गोठणे रोखणारे औषध मुद्दाम घालत नाहीत, आणि मिनिट-दोन मिनिटांत नळ्या यंत्रात ठेवून मिनिटाला सुमारे २,७०० फेऱ्यांनी १२ मिनिटे फिरवतात. बाहेर काढल्यावर नळीत तळाशी गडद लाल थर, वर पातळ पिवळसर पाणी आणि मधोमध अर्धपारदर्शक, चिमट्याने उचलता येईल अशी लवचीक गुठळी दिसते. ती दाबून पातळ पट्टी करतात किंवा बारीक कापून कणांत मिसळतात. मग सुटी पावडर ओल्या, एकजीव गोळ्यासारखी होते आणि जागेवर बसवणे सोपे जाते. हिरडी लवकर भरून येण्यास तिची चांगली मदत होते. परंतु ही जेली एक-दोन आठवड्यांत विरते, त्यामुळे ती एकटी मोठी जागा धरून ठेवू शकत नाही. ‘पीआरएफने हाड येते’ असे कोणी सांगितले, तर त्यासोबत कण कोणते वापरणार ते विचारावे. प्रयोगशाळेत बनवलेली बीएमपी-२ अमेरिकेत २००७ साली सायनस आणि दात काढलेल्या जागेसाठी मान्य झाली. मात्र ती फार महाग आहे, तिने सूजही बरीच येते, आणि नेहमीच्या इम्प्लांटसाठी तिची गरज मला दिसत नाही.

कणांवर घालायचे पटल

हिरडीच्या पेशींना अडवण्यासाठी कणांवर पटल घालतात. कोलॅजनचे पटल आपोआप विरते, म्हणून बहुतेक कामांत तेच वापरतात. उंची वाढवायची असेल तर टायटॅनियमने ताठ केलेले टेफ्लॉनचे पटल किंवा टायटॅनियमची जाळी लागते. ती नंतर काढावी लागते, आणि मध्येच हिरडीतून उघडी पडली तर जंतुसंसर्ग होऊन सगळे काम वाया जाऊ शकते. अशा वेळी शल्यचिकित्सकाचा हात आणि अनुभव साहित्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचा असतो.

कुठे काय निवडावे

दात काढतानाच पुढे इम्प्लांट करायचा हे ठरलेले असेल, तर त्याच बैठकीत पोकळीत सावकाश विरणारे कण भरून वर कोलॅजन घालणे सोपे आणि तुलनेने स्वस्त पडते. त्याने झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. रुंदी दोन-तीन मिलिमीटरने कमी असेल तर कण आणि पटल पुरेसे होतात. त्याहून मोठ्या उणिवेला स्वतःच्या हाडाची चकती स्क्रूने बसवणे किंवा हाडाची कड चिरून रुंद करणे हे मार्ग राहतात.

सायनसचे काम वेगळे आणि जरा विस्ताराने समजून घेण्यासारखे आहे. वरच्या दाढेच्या जागी ५-६ मिलिमीटर उंची उरली असेल, तर इम्प्लांटसाठी केलेल्या छिद्रातूनच सायनसचा तळ अलगद वर उचलता येतो. त्याहून कमी असेल तर गालाच्या बाजूने हाडात लहान खिडकी करून आतले आवरण सोडवतात आणि खाली तयार झालेल्या जागेत कण भरतात. हे आवरण सहसा १ मिलिमीटरहूनही पातळ असते आणि ते फाटणे ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे; लहान फट कोलॅजनने झाकता येते, मोठी असेल तर काम थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करणे योग्य. सायनस ही भिंतींनी वेढलेली पोकळी असल्याने एकदा आवरण शाबूत राहिले की कृत्रिम कणही इथे उत्तम काम करतात, त्यामुळे प्राणिज साहित्य नको असलेल्या रुग्णाने इथे निश्चिंत असावे. ज्यांना वारंवार सर्दी, नाक चोंदणे, चेहरा जड होणे असा त्रास असतो, त्यांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांमध्ये हिरडीच्या फटीत हाड भरण्याची वेळ हीच मुख्य गोष्ट असते. साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा उगवण्याआधी, त्याचे मूळ अर्ध्या ते दोन तृतीयांश तयार झालेले असताना कमरेतले मऊ, स्पंजासारखे हाड भरतात, म्हणजे सुळा त्या नव्या हाडातूनच खाली येतो. लहानपणी ओठ आणि टाळू शिवून घेतलेल्या मुलाचे आई-वडील ‘आता सगळे झाले’ असे समजून पुढे येतच नाहीत. त्यांनी सातव्या वर्षापासून ऑर्थोडाँटिस्टकडे (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांकडे) वर्षातून एकदा मुलाला नेले पाहिजे. खाजगी खर्च झेपत नसेल तर एमवाय रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड-जबडा शल्यचिकित्सेच्या विभागात आधी विचारणा करावी.

कर्करोगामुळे जबड्याचा मोठा तुकडा काढावा लागला असेल, तर इथपर्यंत सांगितलेले कण उपयोगाचे नाहीत. ५-६ सेंटिमीटरहून मोठी फट असेल, आणि त्यातही किरणोपचार झाले असतील किंवा व्हायचे असतील, तर स्वतःचा रक्तपुरवठा असलेले हाड लागते. पायाच्या पोटरीतले बारीक हाड म्हणजे फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडण्याची पद्धत १९८९ पासून जबड्यासाठी रूढ झाली. घोटा आणि गुडघ्यापाशी ६-६ सेंटिमीटर हाड राखून मधला मोठा भाग घेता येतो आणि माणूस पुढे व्यवस्थित चालतो. हे काम अशा शल्यचिकित्सकांच्या पथकाकडेच करून घ्यावे जे ते नेहमी करतात.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी, तपासावे. ते ७ ते ८ च्या खाली आल्याशिवाय घाई करू नये. हिरड्यांतून रक्त येत असेल, दातांवर किटण साचले असेल, तर आधी सफाई आणि हिरड्यांचा उपचार, मग ग्राफ्ट. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतशल्यचिकित्सक यांनी मिळून काय ते ठरवावे.

हाडांच्या ठिसूळपणाची औषधे पुष्कळ घरांत ‘औषध’ म्हणून मोजलीच जात नाहीत. रविवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिलेले इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचलेले इंजेक्शन: यांतले काहीही चालू असेल किंवा पूर्वी घेतले असेल, तर ते आवर्जून सांगावे. या औषधांमुळे जबड्याचे हाड मरून उघडे पडण्याचा धोका असतो, हे २००३ पासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो कमी, कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत बराच जास्त असतो. तरीही ही औषधे आपणहून थांबवू नयेत. सहामाही इंजेक्शन अचानक बंद केल्यास मणक्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो.

आणि तंबाखू. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखू यांच्या वेगवेगळ्या पुड्या एकत्र करून खाल्ल्या तरी जबड्याच्या दृष्टीने तो गुटखाच असतो. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि ज्या बारीक वाहिन्यांवर नवे हाड अवलंबून असते त्याच बंद पडतात. सुपारीने तर गालाच्या आतल्या ऊती ताठ होत जातात. आरशासमोर उभे राहून स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसतील, तर मागच्या दाढेपर्यंत हत्यारे पोहोचणेच कठीण होते आणि आधी त्या आजाराची तपासणी व्हायला हवी. सिगारेट आणि तंबाखू शस्त्रक्रियेच्या किमान एक आठवडा आधी आणि नंतर किमान दोन महिने पूर्ण बंद, हे जमणार नसेल तर पैसे खर्च करू नयेत असेच मी सांगते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि नंतर

बाटली किंवा पाकीट आपल्यासमोर उघडावे अशी विनंती करण्यात गैर काही नाही. मेडिकल डिव्हायसेस रूल्स, २०१७ नुसार त्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि निर्जंतुकीकरणाचा उल्लेख असतो. अर्धी उरलेली बाटली दुसऱ्या रुग्णासाठी ठेवणे हा प्रकार कदापि मान्य करू नये. कण सहसा पाव ते एक मिलिमीटर आकाराचे, जाड रव्याएवढे असतात. ते लहान वाटीत रुग्णाच्याच रक्तात भिजवून जागेवर ठेवतात, फार ठासून भरत नाहीत, कारण कणांच्या मधल्या फटींतूनच रक्तवाहिन्यांना वाट मिळते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढते आणि मग उतरते. पहिल्या दिवशी बाहेरून थोड्या थोड्या वेळाने बर्फ, झोपताना उशी उंच. पहिले २४ तास गुळण्या करू नयेत, थुंकू नये, स्ट्रॉने ज्यूस किंवा लस्सी पिऊ नये. खाण्याच्या बाबतीत इंदूरकरांना सर्वांत अवघड जाते ती शेव. पोह्यांवरची बारीक शेव चावल्यावर तिचे टोकदार तुकडे टाक्यांच्या दोऱ्यांत अडकतात, काढायला जिभेने किंवा बोटाने चाळवले की टाका सैल होतो. म्हणून दोन आठवडे पोहे मऊ आणि बिनशेवेचे, शिवाय गराडू, कचोरी, भाजलेला मका बंद. मुगाची खिचडी, गुरगुट्या भात, साबुदाण्याची पातळ खीर, कोमट वरण, केळे हे चालते. चहा पहिल्या दिवशी थंड करूनच घ्यावा.

सायनसच्या कामानंतर नियम अधिक कडक असतात. दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी, कपालभाती आणि भस्त्रिका करू नये, फुगे फुगवू नयेत, आणि गणपतीच्या आरतीला शंख दुसऱ्या कोणाला तरी वाजवू द्यावा. कारण नाकात दाब वाढला की नुकतेच बसलेले आवरण आणि कण हलतात. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, त्या वर्षी खिडकीतून पाहण्यावर समाधान मानावे, गुलालाने येणाऱ्या शिंका परवडणार नाहीत.

टाक्यांजवळ दोन-चार पांढरे कण सुटून येणे काळजीचे नाही. पूच्या चवीचा द्रव, चौथ्या दिवसानंतर पुन्हा वाढलेली सूज, ताप, नाकातून कण येणे, हिरडी उघडून पटल दिसू लागणे, किंवा खालच्या ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही कायम राहणे यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. शस्त्रक्रियेच्या जागेवर कवळी टेकू देऊ नये. समोरचा दात नसल्याची लाज वाटते म्हणून घातलेली तात्पुरती कवळी सतत दाब देऊन नवे हाड चिरडून टाकते, आणि अपयशाचे हे कारण रुग्ण सहसा डॉक्टरांना सांगतही नाहीत. कवळी आतून पोकळ करून द्यायला सांगावी.

इम्प्लांटसाठी दात काढलेल्या जागी साधारण तीन-चार महिने, कड रुंद केली असेल तर सहा, आणि सायनसमध्ये सहा ते नऊ महिने थांबावे लागते. लवकर करून देतो असे म्हणणाऱ्याकडे नवा सीबीसीटी दाखवण्याचा आग्रह धरावा. पाकिटावरचा स्टिकर शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्यावा आणि तो, स्कॅनची मूळ फाइल व तारीख लिहिलेला डिस्चार्जचा कागद एकाच पाकिटात ठेवावा. जनावराच्या हाडाचे कण अनेक वर्षांनंतरही स्कॅनवर पांढरे ठिपके म्हणून दिसतात, आणि मुलाकडे पुण्याला किंवा बंगळूरला राहायला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांना ते कण आहेत की दुसरे काही, हे त्या स्टिकरवरूनच पटकन कळते.